कारखाना हयातीत मुलांच्या नावावर करावा का? माझं मत: नाही

वेंगुर्ल्याचा काजूवाला
वय ७१. काजूचा कारखाना १९८९ पासून. गणपतीत दोघे मुलगे मुंबईहून येतात, आरती झाली की विषय एकच: "बाबा, आता नावावर करून टाका." मी करणार नाही.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी सगळं मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. सहा महिन्यांत बी घेऊन येणारे शेतकरीसुद्धा त्यांना नमस्कार करून पुढे जायला लागले. आता औषधाला पैसे मागायचे तर आधी सुनेचा चेहरा वाचावा लागतो.

दुसरं म्हणजे, हा धंदा तीन महिन्यांचा जुगार आहे. मार्च ते मे बी घ्यायचं आणि वर्षभर तेच फोडत बसायचं. मी चार बिया कापून बघतो आणि उतारा किती पडेल, म्हणजे बियांतून गर किती निघेल, ते सांगतो. मुलं लॅपटॉपवर बघतात. मृत्युपत्र केलेलं आहे, कपाटात आहे, मी गेल्यावर काढा. विरोधात लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त आधी वय सांगा.

देवगडचो ट्रॉलरवालो
वय ६३. दादांनू, तुमचा बरोबर आसा. गाठीक पैसो आसा तोपर्यंतच मान. माझ्या बापाशीन ट्रॉलर मोठ्या भावाच्या नावार केल्यान, मगे जाळ्यात काय गावला ता इचारूची पण चोरी. सोडू नकात!

डोंबिवलीतला धाकटा
वय ४४. काका, मी तुमचा मुलगा नाही, पण असू शकलो असतो.

माझे वडीलही असंच म्हणायचे, मृत्युपत्र आहे, काळजी नको. फेब्रुवारीत त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला, माणूस मात्र जिवंत. मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालतं हो, माणूस अंथरुणावर असताना त्याचा काय उपयोग? सीसी खातं (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून उचल घ्यायचं कर्जखातं) त्यांच्या एकट्याच्या नावावर, चेकवर सही एकट्याची. दारात माल घेऊन टेम्पो उभे आणि आम्ही बँकेत त्यांच्या अंगठ्यावर चर्चा करतोय. तो हंगाम गेलाच. त्या वर्षी कामाला येणाऱ्या बायका दुसरीकडे गेल्या, त्यातल्या निम्म्या परत आल्या नाहीत.

तुम्ही मरणाची तयारी केलीत, आजारपणाची नाही.

वेंगुर्ल्याचा काजूवाला
तेवढ्यासाठी मोठ्याला मुखत्यारपत्र देईन. मालकी कशाला?

कुडाळचा हिशेबनीस
वय ५२, आणि हे रोजचंच काम. मुखत्यारपत्र देणाऱ्याची शुद्ध हरपली की ते गळून पडतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग घरच्यांना कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

तुमचा कारखाना एकट्याच्या मालकीचा दिसतो. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि धंदा वेगळे नाही. तुम्ही गेलात की तुमच्या पॅनवरचा जीएसटी नंबरही संपला; वारसाने नवा काढायचा आणि आधी भरलेल्या कराचं जमा क्रेडिट फॉर्म भरून तिकडे न्यायचं. अन्न परवाना वारसांना ९० दिवस चालतो, तेवढ्यात तो नावावर करून घ्यावा लागतो. भागीदारी असती तरी १९३२ च्या कायद्याप्रमाणे एक भागीदार गेला की फर्म मोडते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज आधी काढा. कंपनीच्या शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं: नॉमिनीकडे ताबा येतो, हक्क वारसांचाच.

तुमची भीती खोटी नाही, त्या गृहस्थांचा कागद कच्चा होता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याची अट घालून मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट कागदातच लिहा. तोंडी ठरलं होतं म्हणत बसलात तर वकिलांचं घर चालेल.

लांज्याची लेक
वय ३९. आमचं फणस-आंब्याच्या पल्पचं युनिट आहे, वडील गेल्यापासून मीच चालवते. काका, तुमच्या सगळ्या मजकुरात "मुलगे" आहेत. मुलगी नाही का?

वेंगुर्ल्याचा काजूवाला
आहे. कणकवलीला दिली आहे. तिला दागिने दिले, तिचं तिकडे उत्तम चाललंय.

लांज्याची लेक
वाटलंच! ते मृत्युपत्र कोर्टात टिकलं नाही, तर तुमच्या स्वकमाईत पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचा पाव-पाव हिस्सा. दागिने त्यात धरत नाहीत. वडिलोपार्जित असेल तर २००५ पासून ती मुलग्यांइतकीच सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची हिस्सेदार.

आता खरा प्रश्न. शेड कोणाच्या जमिनीवर आहे? आमच्याकडे वडिलांनी आयुष्यभर मशिनं घेतली, बॉयलर बदलला आणि जमीन निघाली आजोबांच्या नावची. सातबाऱ्यावर २७ नावं! काही दादरला, काही बडोद्याला, तिघांचा पत्ताच नाही, दोघांच्या मागे वारस नोंदच झालेली नाही. बँक म्हणाली, सगळ्यांच्या सह्या आणा, मग कर्ज. एक चुलत आत्या गोड बोलून चार वर्षं "शिमग्याला येते" म्हणत राहिली. तेव्हा कळलं, वडिलांनी मालकी कोणाला द्यायची यावर मी भांडत होते आणि पायाखालची जमीनच त्यांची एकट्याची नव्हती. चुलत काका ज्या वयात अजून "तुझ्या बापाने मला सांभाळलं" म्हणत सही करतात, त्या वयातच सह्या घ्याव्या लागतात. त्यांची मुलं बाजारभाव विचारतात.

रत्नागिरीचा माजी कॅनिंगवाला
वय ७४. मी तिसराच. कुणालाच दिलं नाही, विकलं. मुलाला नको होतं आणि त्याने ते तोंडावर सांगितलं, त्याचे उपकार. पैसे आले, पण पहिलं वर्ष फार वाईट गेलं. एप्रिल उजाडला की सकाळी सहाला आपोआप चपला घालायचो आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचो. याचा विचार कोणी करत नाही. काजूवाले, कारखाना सुटला तर सकाळी काय करणार, हे ठरवलंय?

वेंगुर्ल्याचा काजूवाला
नाही. खोटं कशाला बोलू. बाग आहे, पण बागेत मन लागत नाही.

देवगडचो ट्रॉलरवालो
म्हणानच सोडू नकात म्हणतंय!

कुडाळचा हिशेबनीस
सगळं किंवा काहीच नाही, असं कोणी सांगितलं? जागा तुमच्या नावावर ठेवा. धंदा फर्मला द्या, त्यात पत्नी आणि जी मुलं खरंच उतरतील ती भागीदार. फर्मने तुम्हाला दरमहा भाडं द्यायचं, म्हणजे औषधाला हात पसरायला नको. जागा आत्ताच बक्षीस देऊ नका, त्यात खर्चही आहे. राहतं घर आणि शेती मुलांना देताना मुद्रांक २०० रुपये असतो, कारखान्याच्या जागेला ती सवलत नाही, तिथे ३ टक्के आणि वर अधिभार. आणि बी खरेदीत शेवटचा शब्द तुमचा, हे करारात लिहून घ्या.

डोंबिवलीतला धाकटा
आणि उतारा कसा बघायचा ते एकदा मुलांना कारखान्यात बसवून शिकवा. लॅपटॉपला नावं ठेवणं सोपं आहे.

वेंगुर्ल्याचा काजूवाला
मोठ्याला सांगितलं होतं दोनदा. तिसऱ्यांदा नाही सांगितलं, हे खरं.

मालकीबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. पण सातबारा आज काढला. अकरा नावं आहेत, त्यातली चार माणसं हयात नाहीत. हिशेबनीस, फर्म केली तर चालू सीसी मोडावी लागेल का? हंगामात ते परवडणार नाही.

कुडाळचा हिशेबनीस
नव्या फर्मला नवी मंजुरी लागेल. म्हणून मार्चमध्ये नको. डिसेंबर-जानेवारीत गोदाम रिकामं होत आलेलं असतं, सीसीही उतरलेली असते, तेव्हा करू. तोवर अकरा जणांचे पत्ते गोळा करा. मुलीलाही फोन करा.