जलपरीला कुंपण हवं का?

दांडियाबाजारकर
कोपनहेगनची जलपरी नुकतीच पाहून आलो. एडवर्ड एरिकसेन यांचं हे ब्राँझचं शिल्प १९१३ पासून बंदराच्या काठावर दगडावर बसलंय. उंची जेमतेम सव्वा मीटर! आपल्या बडोद्याच्या सुरसागर तलावातला महादेव १११ फुटी, तिथे नुसते हात जोडायचे. हिच्यापाशी मात्र दगडांवर पाय देत जाता येतं. माणसाचे पाय संपून माशाचे पर कुठे सुरू होतात, ती जागा मी वीतभर अंतरावरून पाहिली. बडोद्यातही पाण्याकाठी असं हाताला लागणारं शिल्प हवं. रेलिंग अजिबात नको.

रावपुऱ्याची माहेरवाशीण
दादा, त्याच जलपरीचं डोकं १९६४ साली कापून नेलं. ते सापडलंच नाही, नवं बसवावं लागलं. १९८४ ला उजवा हात तोडला, १९९८ ला पुन्हा डोकं, २००३ ला स्फोट करून तिला दगडावरून पाडलं. अकोट्याची चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारीची ब्राँझमूर्ती, बाराएकशे वर्षांची. आपल्या म्युझियममध्ये सांभाळून ठेवली, म्हणून आज धड आहे.

दांडियाबाजारकर
पण ताई, पूजेतल्या जुन्या जैन धातुमूर्ती पाहा. रोजच्या प्रक्षाळानं, म्हणजे पूजेत धुण्यापुसण्यानं, नाक-डोळे गुळगुळीत झालेत. त्या झिजेत पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत. काचेआड ठेवलं की हे नातंच तुटतं.

रावपुऱ्याची माहेरवाशीण
प्रक्षाळ करणारा हात वेगळा, करवतीचा वेगळा. आमच्या चौकातल्या अर्धपुतळ्याखालची पितळी अक्षरं एकेक करून उचकटून नेली. आता नुसतं 'श्री' उरलंय आणि बाकीच्या जागी खिळ्यांची भोकं. पुतळा कोणाचा, हे माझ्या मुलाला मला सांगावं लागतं.

ओतकामवाला
मी फाइन आर्ट्स कॉलेजचा. शिल्पकाराचा हात मातीत चालतो, ब्राँझ त्यावरून ओतलेलं असतं. आतून पोकळ. साचा नीट जपला तर तुटलेला भाग पुन्हा ओतता येतो. तेव्हा शिल्प बाहेर ठेवा आणि साचा म्युझियममध्ये. माझं मत दादांना.

रावपुऱ्याची माहेरवाशीण
साच्याचं पटलं. पण जोड दिसतेच हो, आणि मला तेच सोसत नाही. कुंपण नको ना? मग रात्रीचा पहारेकरी नेमा, पगाराची सोय आधी करा. तेवढं झालं तर मीही मुलाला घेऊन काठावर येते.