सात सीटर घ्यायची तर चासीवालीच घ्या. पटतंय का?

घाटमाथा:
बजेट पंचवीस लाखांच्या आसपास आणि घरात सात माणसं, असं असेल तर कोल्हापूरकरानं लॅडर फ्रेमवरची (म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी पोलादी चासी असलेली), मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली डिझेल गाडीच घ्यावी. म्हणजे स्कॉर्पिओ-एन, नाहीतर इनोव्हा क्रिस्टा. माणशी ६५ किलो धरले तरी ४५५ किलो होतात, वर बॅगा. यातलं बरंचसं वजन गाडीच्या मागच्या अर्ध्यात बसतं. करूळ किंवा भुईबावडा घाट चढताना ते आणखी मागं सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढच्या ड्राइव्हची गाडी ओल्या वळणावर नेमकी तिथं पकड सुटून चाक जागीच फिरवते. मागच्या ड्राइव्हला तेच वजन पकड देतं. स्कॉर्पिओ-एनचं वरचं डिझेल १७५ पीएसचं (साधारण तेवढीच अश्वशक्ती) आहे, ऑटोमॅटिकला टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ४०० न्यूटन मीटर. आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदीत फ्रेमच टिकते.

पेठकर:
साफ असहमत. घाट वर्षातनं मोजक्या वेळा, महाद्वार रोड आणि मंगळवार पेठ रोज. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १९१७ मिमी आहे. समोरून रिक्षा आली की गल्लीत थांबायचंच.
पण माझा खरा आक्षेप शेवटच्या रांगेवर आहे. फ्रेम खालून जाते म्हणून फरशी उंच, छत मात्र तेवढंच, त्यामुळं बैठक फरशीलगत येते. मोठा माणूस बसला की गुडघे छातीकडं येतात. आजी-आजोबांनी मधली सीट दुमडून, उंच पायरी चढून आत वाकायचं का? त्यात स्कॉर्पिओ-एनची ती शेवटची सीट एकसंध आहे. दोन भागांत दुमडत नाही, म्हणजे सहावा माणूस घेतला की बॅगांची जागा गेली.
इनोव्हा हायक्रॉस मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. फरशी खाली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिमी, म्हणजे स्कॉर्पिओ-एनपेक्षा १०० मिमी जास्त, आणि शेवटची सीट निम्मी-निम्मी दुमडते. सात सीटच्या हायक्रॉसमध्ये मधे दोन खुर्च्या आणि मागं तिघं बसतात, हे मात्र बुकिंगआधी ध्यानात घ्या. मधे तिघं हवे असतील तर आठ सीटवाली बघा.
राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच फिरणं असेल तर बीएस-६ (सध्याचे प्रदूषण नियम) डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टरही तुंबतो.

गॅरेजकट्टा:
डीपीएफचं भय खरं आहे, पण कोल्हापुरात त्यावर उपाय हाताशी आहे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच तापावा लागतो आणि तीन-चार किलोमीटरच्या फेरीत तो तापतच नाही. आठवड्यातनं एकदा हायवेनं कागलपर्यंत जाऊन या. २००० आरपीएमच्या आसपास, ६०-७० च्या वेगानं, सलग वीस मिनिटं. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) नेहमीपेक्षा वर असेल, फॅन जोरात फिरत असेल आणि मायलेजचा आकडा अचानक पडला असेल तर फिल्टर जळतोय असं समजा. त्या वेळी गाडी बंद करू नका. पुन्हा पुन्हा मधेच बंद केली तर जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली की ऑइल बदलायचंच, 'भरपूर आहे' म्हणून सोडायचं नाही.
घाटमाथा, तुमचं चढाचं गणित बरोबर आहे. पण चांगले टायर आणि हलका पाय असेल तर पुढच्या ड्राइव्हची गाडीही डांबरी घाट चढते. जीवावर बेततं ते उतारावर. सात माणसं भरून उतरताना खालचा गिअर धरला नाही तर ब्रेक तापून पकड सोडतात. हायक्रॉससारख्या हायब्रिडमध्येही (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत) लांब उतारावर बॅटरी भरली की मोटरचं ब्रेकिंग कमी होतं, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

हिशेबनीस:
२२ सप्टेंबर २०२५ पासून या मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, वेगळा सेस नाही. आरटीओच्या करात फरक पडतो: २० लाखांच्या वर डिझेलला १५ टक्के, पेट्रोलला १३. हायब्रिड पेट्रोलमध्येच धरली जाते.
पण एसयूव्हीचाच हट्ट का? एर्टिगा १७३५ मिमी रुंद आहे, पेठेत सहज वळते.

घाटमाथा:
एर्टिगा सीएनजीवर ८८ पीएसची. सात जण घेऊन गगनबावड्याला निघालात तर पेट्रोलवर टाकावी लागेल, आणि टाकीनं डिकी खाल्लेली असेल ती वेगळीच. तिसऱ्या रांगेबद्दल पेठकर म्हणतात ते मान्य, तिथं शाळकरी मुलंच बसवावीत. पण म्हणून फ्रेम सोडणार नाही.

पेठकर:
मुलंच बसवायची म्हणता, तर मुलांचंच बघा. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपनं (गाड्यांची धडक-चाचणी घेणारी संस्था) स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच तारे दिले, मुलांसाठी तीन. शिवाय शेवटच्या रांगेचं डोकं मागच्या काचेपासून किती लांब राहतं, ते टेप लावून मोजा.
टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. सातही माणसं न्या, सगळ्यात थोरल्यांना आधी शेवटच्या रांगेत चढायला सांगा आणि जोतिबाच्या चढावर एसी लावून मागं वारा पोचतो का बघा. निघण्यापूर्वी ड्रायव्हरच्या दारालगतचं स्टिकर वाचा. पूर्ण भाराला टायरची हवा वेगळी लिहिलेली असते. ती भरलेली नसेल तर कुठलीही गाडी वळणावर डोलेल आणि दोष उगाच सस्पेन्शनला जाईल.