उघड्यावरच्या गाडीला पावसाळाभर टिकेल असे, हाताने लावता येणारे वॅक्स कोणते?

गडद_निळी
चार वर्षांची हॅचबॅक, रंग गडद निळा मेटॅलिक. पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते, वर शिरीषाचे झाड. धुवायला बोअरचे पाणी. शिवाय गाड्या पुसणारे दादा रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून जातात. रंग कुठे उडालेला नाही, पण उन्हात पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. पाणीही थेंब होऊन ओघळत नाही, पत्र्यावर पसरून बसते.

मेच्या मध्यावर लावले की ऑक्टोबरपर्यंत बघावे लागू नये, असे काहीतरी हवे आहे. मशीन नाही, सगळे हाताने आणि एका सकाळीत उरकायचे. दुकानात तीन प्रकार दिसतात: डबीतले घट्ट कार्नोबा, बाटलीतले पातळ सिंथेटिक वॅक्स आणि 'सिरॅमिक' लिहिलेला स्प्रे. यांतले कोणते घ्यावे? आणि क्ले बार (पत्र्याला चिकटलेला मळ ओढून काढणारा, मळलेल्या मातीसारखा गोळा) खरेच लागतो का?

क्लिअरकोट
बाटलीतले पातळ, पॉलिमर मिसळलेले वॅक्स घ्या.

कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. ते फार कठीण असते, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. पण डबीत निव्वळ कार्नोबा कधीच नसते. ते हाताने पसरावे म्हणून त्यात सॉल्व्हंट, तेले आणि मऊ मेणे घालावी लागतात. गडद निळ्यावर त्याची चमक सुरेख दिसते, पण रोजच्या उन्हापावसात ते चार ते आठ आठवड्यांत संपते. जूनमध्ये लावलेले गणपतीपर्यंतही पुरत नाही.

सिंथेटिक वॅक्समधले, म्हणजेच सीलंटमधले, पॉलिमर उष्णता आणि शॅम्पू दोन्ही जास्त सोसतात. तयारी नीट झाली असेल तर उघड्यावर चार-पाच महिने धरा. मेण आणि पॉलिमर एकत्र असलेल्या पातळ वॅक्समध्ये टिकाऊपणा आणि सोपेपणा यांचा मेळ चांगला बसतो. कोलिनाइट ८४५ हे त्यातले जगभर वापरले जाणारे नाव. ४७३ मिलीची बाटली येते आणि हॅचबॅकला एका थराला २० ते ३० मिली पुरते. महाग वाटली तरी काही वर्षे चालते. दुसऱ्या कंपनीचे घेतले तरी हरकत नाही, फक्त लेबल वाचून घ्या. 'पॉलिमर' किंवा 'सीलंट' असेल तर ठीक. 'क्लीनर वॅक्स', 'पॉलिश', 'कंपाउंड' असेल तर बाटली परत ठेवा. त्यांत घासणारे कण असतात. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, आणि तो दर वेळी थोडा झिजतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गोल ओरखडे वॅक्सने जात नाहीत, फार तर थोडे दबतात. ते काढायला पॉलिशिंगच करावे लागते आणि ते वॅक्सच्या आधी.

दोन_बादल्या
वॅक्स तीन आठवड्यांत गेले अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा दोष वॅक्सचा नसतो. ते पत्र्यावर बसलेलेच नसते. जुन्या वॅक्सचे तेल, झाडाचा चीक आणि रस्त्याचे डांबर यांच्यावर ते नुसते तरंगत असते. म्हणून सकाळचा निम्मा वेळ तयारीला द्या.

आधी चाके, त्यांची बादली आणि फडके वेगळे. मग नुसत्या पाण्याने धूळ सुटेपर्यंत गाडी भिजवा. दोन बादल्या घ्या, प्रत्येकी दहा लिटर. एकीत गाडीचा शॅम्पू २० ते ३० मिली, दुसरीत साधे पाणी. प्रत्येक भाग झाला की मिट (धुवायचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा. छतापासून सुरुवात करा. बंपर आणि दारांचा खालचा भाग अगदी शेवटी, कारण खडे तिथेच असतात.

क्ले लागतो की नाही, हे हातच सांगतो. ओल्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे फिरवा. खरखर लागली तर क्ले हवा. चार वर्षे उघड्यावर उभ्या गाडीला ती लागणारच. क्लेचा साधारण ५० ग्रॅमचा तुकडा पुरीसारखा चपटा करा. शॅम्पूचे पाणी भरपूर मारा आणि दोन फूट बाय दोन फूट एवढ्या भागावर अलगद सरळ रेषेत फिरवा. दाब द्यायचा नाही, गोल फिरवायचे नाही. काळा पडला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडला तर फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघ ओढतो.

शिरीषाचा चीक नखाने खरवडू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट धरला की तो मऊ होऊन निघतो. शेवटी ७० टक्के अल्कोहोल एक भाग आणि पाणी दोन भाग, असे मिश्रण करून सगळा पत्रा पुसा. हाताला तो कोरडा, किंचित अडखळल्यासारखा लागला पाहिजे.

थेंबगोळा
सिरॅमिक स्प्रेची बाजूही मांडतो. त्यात सिलिकावर आधारित घटक असतात, पाणी झटकण्यात तो सरस आणि फवारून पुसला की झाले. बाटलीवर वर्षभर लिहिलेले असते, पण उघड्यावर निम्मे मिळाले तरी समाधान माना. अडचण अशी की लावल्यावर बारा ते चोवीस तास त्याला पाणी लागू द्यायचे नसते. झाडाखाली, रोज सकाळी ओले फडके फिरत असताना ते जमणार नाही. तापलेल्या पत्र्यावर तो झटकन सुकतो आणि तेलकट पट्टे राहतात. पांढऱ्या गाडीवर ते खपून जातात, गडद निळ्यावर लपत नाहीत.

पांढरी किंवा चंदेरी गाडी आणि छताखालचे पार्किंग असते, तर मी स्प्रेच सुचवला असता. तुम्हाला क्लिअरकोट यांचाच सल्ला योग्य आहे.

गडद_निळी
पातळ वॅक्स नक्की केले. लावण्याची पद्धत सांगाल का? पट्टे राहिलेच तर काय करायचे? आणि बोअरच्या पाण्याचे जुने पांढरे डाग बॉनेटवर आहेत, ते वॅक्सखाली तसेच राहिले तर चालेल का?

क्लिअरकोट
डाग आधी काढा, वॅक्सखाली ठेवू नका. ते कॅल्शियमचे क्षार आहेत. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडके भिजवा आणि डागावर दोन-तीन मिनिटे ठेवा. सुकू देऊ नका, लगेच शॅम्पूने धुवा. त्यानंतरही गोल कडा दिसत असेल तर खड्डा पडला आहे. तो पॉलिशशिवाय जाणार नाही.

आता लावण्याबद्दल. पहाटे सुरुवात करा आणि नऊपर्यंत संपवा. पत्रा गार हवा, हाताची पालथी बाजू बॉनेटवर निवांत टेकवता आली पाहिजे. पत्रा पूर्ण कोरडा हवा. आरशांच्या आणि हँडलच्या फटींतले पाणी आधी काढा, नाहीतर ते नेमके मधेच ओघळते. काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावा, कारण त्यावर वॅक्स लागले की पांढरे डाग पडतात. पुढच्या काचेला वॅक्स लावू नका. वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच धुरकट दिसते.

बाटली जोरात हलवा. फोमच्या पॅडवर दहा रुपयांच्या नाण्याएवढे वॅक्स घ्या, तेवढ्यात अर्धे बॉनेट झाले पाहिजे. थर इतका पातळ हवा की तिरके पाहिल्यावरच दिसेल. इथेच बहुतेकांचे चुकते. जाड थर जास्त टिकत नाही. पत्र्याला चिकटलेले तेवढे उरते, बाकी सगळे फडक्यात जाते, शिवाय पुसताना दम निघतो.

एका वेळी दोनच भाग करा. पाच मिनिटांनी बोट ओढून पाहा. धुरकट थर सुटून खाली लख्ख दिसले तर पुसा, ओशट रेघ उमटली तर थांबा. हवा दमट असेल तर पंधरा मिनिटेही लागतील. पुसायला ३५० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाची) तीन मायक्रोफायबर फडकी ठेवा. पहिल्याने थर उचला, दुसऱ्याने चमक काढा, तिसरे राखीव. ही फडकी धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पट्टे पडतात.

दुसरा थर दुसऱ्या दिवशी द्या. तो जाडी वाढवायला नाही, सुटलेल्या जागा भरायला असतो. तिसऱ्याची गरज नाही.

पट्टा राहिलाच तर जोर लावून घासू नका. त्यावरच थेंबभर ताजे वॅक्स लावून लगेच पुसा. त्यातले सॉल्व्हंट जुना थर मऊ करते. तरीही राहिला तर तेवढा भाग अल्कोहोलच्या मिश्रणाने साफ करून पुन्हा लावा.

पत्रा_रंगारी
एखादा दरवाजा किंवा बंपर नुकताच रंगवून घेतला असेल तर तो सोडून बाकीची गाडी करा. नव्या रंगातला थिनर उडून जायला किमान तीस दिवस द्या. गॅरेजवाल्याने साठ सांगितले असतील तर साठ.

दोन_बादल्या
रोजच्या ओल्या फडक्याचा विषय राहिला, आणि तुमच्या गाडीचे सगळ्यात मोठे नुकसान तेच करते आहे. रस्त्याची धूळ म्हणजे बारीक खडीच. एकच बादली, एकच फडके आणि पंधरा-वीस गाड्या. जाळ्यासारखे ओरखडे त्यातूनच येतात आणि वॅक्सही त्यानेच झिजते. दादांचे पैसे तेवढेच ठेवा, पण रोज फक्त काचा, आरसे आणि हँडल पुसायला सांगा. पत्र्याला हात लावायचा तो आठवड्यातून एकदा, भरपूर पाणी मारून.

पक्ष्यांच्या घाणीत युरिक आम्ल असते. वॅक्समुळे तुम्हाला काही तासांची सवड मिळते, काही दिवसांची नाही. ओला टिश्यू पाच मिनिटे त्यावर ठेवा आणि मग उचला. पाण्याची लहान फवारणी-बाटली गाडीतच ठेवलेली बरी.

ऑगस्टमध्ये थेंब बसके दिसू लागले की लगेच वॅक्स संपले असे समजू नका. मळाचा थर बसला तरी तसेच दिसते. शॅम्पूने धुऊन पाहा. थेंब परत गोल झाले तर वॅक्स शाबूत आहे. नाही झाले तर छत आणि बॉनेट एवढेच पुन्हा करा, कारण ऊन तिथेच जास्त लागते आणि आधी तेच भाग जातात. उघडीप मिळाली की ८ ते १० मिली वॅक्समध्ये अर्ध्या तासाचे काम आहे.