सगळ्यांसाठी एकच शुभेच्छापत्र: 'हंगामी', 'सणासुदीच्या' की आणखी काही?

विचारणा

आमच्या गटात वेगवेगळ्या धर्मांची माणसं आहेत. डिसेंबरअखेर सगळ्यांना मिळून एकच शुभेच्छापत्र पाठवायचं ठरलं आहे आणि मजकुराचं काम माझ्याकडे आलं आहे. इंग्रजीत 'सीझन्स ग्रीटिंग्ज' लिहिलं की भागतं. मराठीत काय लिहावं? 'हंगामी शुभेच्छा', 'ऋतूच्या शुभेच्छा' आणि 'सणासुदीच्या शुभेच्छा' असे तीन पर्याय पुढे आले आहेत. शिवाय 'मुबारक' हा शब्द सगळ्यांच्या पत्रात नको, असं एका सदस्याचं म्हणणं आहे. त्यावरही मत हवं आहे.

उत्तर

'हंगामी' आधी काढून टाका. 'हंगाम' हा शब्द चांगला आहे, पण 'हंगामी' म्हटलं की आपल्याला हंगामी कर्मचारी आणि हंगामी अध्यक्ष आठवतात. वाचणाऱ्याला त्या शुभेच्छा तात्पुरत्या वाटतील.

'ऋतूच्या शुभेच्छा' व्याकरणात बसतं, पण कोणाच्या तोंडी नाही. अर्थाचीही अडचण आहे. डिसेंबरात उत्तर गोलार्धात थंडी असते, तर दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा. आणि सगळे सण ऋतूला बांधलेले नसतात. हिजरी वर्ष पूर्णपणे चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००० साली रमजान ईद दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. २०२५ मध्ये ती मार्चअखेर होती. तेव्हा 'सीझन' हा शब्द इंग्रजीत जितका सर्वसमावेशक वाटतो तितका तो नाही. तो मुळात डिसेंबरातल्या सणांभोवती फिरतो आणि बाकीच्यांना त्यात ओढून घेतो.

राहिलं 'सणासुदीच्या शुभेच्छा'. हा अस्सल मराठी शब्दप्रयोग आहे, त्यात ऊब आहे आणि तो एका धर्माचा नाही. एक अट मात्र पाळावी. जवळपास खरोखर दोन-तीन सण असतील तेव्हाच तो वापरावा. २०२४ मध्ये ज्यूंचा हनुका पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, म्हणजे नाताळच्याच दिवशी. अशा वर्षी 'सणासुदीचे दिवस' हे शब्दशः खरं असतं. एकच सण असताना त्याचं नाव टाळण्यासाठी 'सणासुदी' लिहिलं, तर ज्यांचा तो सण आहे त्यांना ते लगेच कळतं.

उत्तर

वरच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि तेच जरा पुढे नेतो. नाव गाळणं म्हणजे आदर, हा समज मला पटत नाही. ज्याचा सण आहे त्याला सणाचं नाव घेऊन शुभेच्छा द्याव्यात. त्यात त्याची ओळख आपल्याला माहीत आहे आणि ती आपण लक्षात ठेवली, एवढं तरी पोचतं. 'हॉलिडे' या इंग्रजी शब्दातही मूळचा 'पवित्र दिवस' आहेच, पण मराठीत त्याची 'सुट्टी' होते आणि 'सुट्टीच्या शुभेच्छा' हे तर ज्याला त्या दिवशी कामावर जायचं आहे त्याच्यासाठी निरर्थक आहे.

नाव घेऊनही सगळ्यांना सामावता येतं, ही जुनीच रीत आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी छापून घेतलेलं कार्ड हे पहिलं व्यावसायिक ख्रिसमस कार्ड मानलं जातं. त्यावर नाताळ आणि नवं वर्ष दोन्हींच्या शुभेच्छा एकाच ओळीत होत्या. 'नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा' ही ओळ आजही चालते, कारण पहिला भाग ज्यांचा आहे त्यांचा आणि दुसरा बहुतेकांचा. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नताल'वरून आला, त्याच्या मुळाशी जन्म आहे. येशूजन्माच्या सणाला मराठीत इतकं नेमकं आणि रुळलेलं नाव असताना 'ख्रिसमस'च हवं असा आग्रह नको. अर्थात ज्या घरात 'ख्रिसमस' म्हणतात त्यांना 'ख्रिसमस' लिहा. आणि सगळ्यांचा नाताळ पंचवीस डिसेंबरला नसतो हेही लक्षात असू द्या. जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणारी ऑर्थोडॉक्स चर्च तो सात जानेवारीला साजरा करतात.

उत्तर

'मुबारक'बद्दल. हा शब्द अरबी, त्याच धातूतून 'बरकत' आला, आणि 'बरकत' तर मराठीत सगळ्यांच्या तोंडी आहे. अर्थ 'बरकत लाभलेला'. 'ईद मुबारक' म्हणजे 'ही ईद शुभ होवो' यापेक्षा फार वेगळं काही नाही. तो एकाच धर्माचा शब्द आहे हेही खरं नाही. पारशी 'नवरोज मुबारक' म्हणतात. गुजराती हिंदू आणि जैन दिवाळीनंतरच्या नव्या वर्षी 'साल मुबारक' म्हणतात. शब्द काढून टाकण्याचं कारण मला दिसत नाही. तुम्हाला तो तोंडात बसत नसेल तर 'ईदच्या शुभेच्छा' म्हणा, कोणाला वावगं वाटणार नाही. पण इतर कोणी वापरू नये असं ठरवू नका.

विचारणा

एक शंका. प्रत्येक धर्माच्या प्रत्येक दिवसाला शुभेच्छा द्यायच्या का? यादी करून ठेवावी असं वाटतंय.

उत्तर

यादी करा, पण त्यात एक रकाना 'शुभेच्छा नकोत' असाही ठेवा. मला या सगळ्या चर्चेत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चूक होते ती इथे. कॅलेंडरवर लाल अक्षर दिसलं की बोटं आपोआप 'हार्दिक शुभेच्छा' टाइप करतात.

गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा दिवस. त्यातला 'गुड' हा 'आनंदाचा' या अर्थाने नाही, 'पवित्र' या जुन्या अर्थाने आहे. 'हॅपी गुड फ्रायडे' श्रद्धावान माणसाला टोचतं. शुभेच्छा रविवारी, ईस्टरला द्या.

मोहरमची दहावी तारीख, आशुरा. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन शहीद झाले, शिया समाजासाठी हा शोकाचा दिवस. अनेक सुन्नी त्या दिवशी उपवास करतात. 'मोहरमच्या शुभेच्छा' हे दोघांनाही लागू नाही. गोंधळ होतो तो मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना असल्यामुळे. नव्या हिजरी वर्षाच्या शुभेच्छा काही जण देतात, पण त्या एक तारखेला, दहा तारखेला नाही.

योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा आणि उपवासाचा दिवस. तिथे 'उपवास सुखरूप पार पडो' असं म्हणता येतं. त्याच्या नऊ दिवस आधी येणाऱ्या रोश हाशाना या नववर्षाला मात्र 'शाना तोवा', म्हणजे 'चांगलं वर्ष', आनंदाने म्हणा.

पतेतीची चूक तर छापून येते. 'पतेत' म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. पतेती हा पारशी वर्षाचा शेवटचा दिवस, सरत्या वर्षातल्या चुकांची क्षमा मागण्याचा. 'पतेतीच्या शुभेच्छा' म्हणण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी 'नवरोज मुबारक' म्हणावं.

आणि संवत्सरी, म्हणजे जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागण्याचा दिवस. श्वेतांबर जैन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. हे प्राकृत आहे, अर्थ साधारण 'माझं दुष्कृत मिथ्या होवो'. समोरचा क्षमा मागत असताना त्याला 'तुम्हालाही पर्युषणाच्या शुभेच्छा' असं उत्तर देणं म्हणजे त्याचं म्हणणं ऐकलंच नाही. उत्तर 'मिच्छामि दुक्कडम्' हेच. दिगंबर परंपरेत 'उत्तम क्षमा' म्हणतात.

अशा दिवसांसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. 'अभिवादन', 'स्मरण', 'आदरांजली' आहेत. आणि काहीच न लिहिणं हाही मान्य पर्याय आहे.

उत्तर

शुभेच्छापत्राच्या मजकुराकडे परत येऊन दोन बारीक गोष्टी, ज्या मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, 'आपल्या'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आमचा सण' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपला सण' म्हटलं की तो आत येतो. शिवाय 'आपला' हे 'तुमचा'चं आदरार्थी रूपही आहे. म्हणजे 'आपल्या सणाच्या शुभेच्छा' याचे दोन अर्थ होतात: तुमच्या सणाच्या, किंवा तुमच्या-माझ्या सामाईक सणाच्या. मिश्र गटात हा धोका आहे. 'आपलं खरं नववर्ष' असं कोणी लिहिलं की ज्याचं नववर्ष दुसऱ्या तिथीला येतं तो 'आपण'मधून वगळला जातो, लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना. तिथे विशेषणच नको. एक जानेवारीसाठी नुसतं 'नववर्ष' पुरतं. नेमकेपणा हवा असेल तर 'इसवी नववर्ष' लिहा.

दुसरी, 'बांधव'. 'मुस्लिम बांधवांना ईदच्या शुभेच्छा', 'ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या शुभेच्छा'. हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण बहुसंख्याकांच्या सणाला त्यांच्या नावाने 'बांधव' क्वचितच लिहिलं जातं, तिथे 'सर्वांना' असतं. म्हणजे एकांचा सण सर्वांचा आणि दुसऱ्यांचा फक्त त्यांचा. त्यात भगिनी गळतात ते वेगळंच. 'सर्वांना ईदच्या शुभेच्छा' लिहा. ज्यांची ईद नाही त्यांनाही त्या दिवसाचा आनंद पोचला तर काय बिघडलं?

इथे 'निमित्त' फार उपयोगी पडतं. 'नाताळनिमित्त सर्वांना शुभेच्छा' यात सण कोणाचा हा प्रश्नच उरत नाही. निमित्त त्यांचं, शुभेच्छा सर्वांना. 'च्या' लावला की मालकी डोकावते, 'निमित्त' लावलं की फक्त प्रसंग राहतो.

उत्तर

'निमित्त'बद्दल किंचित असहमत. पत्रात ठीक, पण समोरासमोर 'नाताळनिमित्त शुभेच्छा' म्हटलं तर ते फलकावरचं वाटतं. बोलताना 'नाताळच्या शुभेच्छा' किंवा 'मेरी ख्रिसमस'च बरं. आणि समोरच्याने आपल्याला आपल्या नसलेल्या सणाच्या शुभेच्छा दिल्या तर दुरुस्ती करत बसू नये. 'तुम्हालाही' म्हणायचं.

विचारणा करणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. मजकूर असा केला आहे: 'नाताळ आणि हनुकानिमित्त सर्वांना शुभेच्छा. येणारं नववर्ष सुखाचं जावो.' मागच्या पानावर पुढच्या वर्षातल्या सणांच्या तारखा देणार आहे, ईदसकट. चालेल?

उत्तर

चालेल. यंदा हनुका कधी आहे ते मात्र पाहून घ्या. तो हिब्रू दिनदर्शिकेप्रमाणे किसलेव महिन्याच्या पंचवीस तारखेला सुरू होऊन आठ दिवस चालतो, त्यामुळे कधी नोव्हेंबरअखेर सुरू होऊन नाताळच्या बराच आधी संपतो. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सुरुवात लिहिताना 'संध्याकाळपासून' असा शब्द घाला. ईदच्या तारखेपुढे 'चंद्रदर्शनानुसार' लिहा, एक दिवस मागेपुढे होऊ शकतो. आणि त्याच पानावर आशुरा, गुड फ्रायडे, योम किप्पूर असतील तर त्यांच्यापुढे 'स्मरणदिन' किंवा 'उपवास' अशी नोंद करा, म्हणजे पुढच्या वर्षी पत्र लिहिणाऱ्याला वेगळं विचारावं लागणार नाही.