20 ऑगस्टला बुडापेस्टमध्ये पोचतोय, काय काय सांभाळावं?

डबा_ऐसपैस:
नमस्कार मंडळी, आम्ही चार कॉलेजचे दोस्त ऑगस्टमध्ये सॅक पाठीला लावून प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करतोय. एक जण म्युनिकला मास्टर्स करतो, तो तिथूनच जॉईन होणार, बाकी आम्ही तिघं पुण्यातून. व्हिएन्नाहून ट्रेनने 20 ला दुपारी पोचतोय आणि आता कळतंय की तो त्यांचा राष्ट्रीय सण असतो, सगळं बंद आणि प्रचंड गर्दी. हॉस्टेल नॉन-रिफंडेबल आहे त्यामुळे जाणार तर आहोतच. दोघं व्हेज. आतषबाजी खरंच बघण्यासारखी असते का, की आपलं रूमवर पत्ते खेळत बसावं? कोणी त्या दिवशी तिथे होतं का?

खडकवासलेकर:
पत्ते कसले खेळताय, जा की!! आम्ही होतो, चौघंच होतो, आणि त्या रात्रीचा किस्सा आमच्या ग्रुपमध्ये अजून कोणी कोणाला विसरू देत नाही.

आधी सण काय ते सांगतो. हंगेरीचा पहिला राजा स्टीफन, सन 1000 च्या आसपास राज्याभिषेक झालेला, पुढे 1083 मध्ये त्याला संतपद मिळालं, त्याचा हा दिवस. त्याचा म्हणून जपलेला उजवा हात बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, काचेच्या पेटीत आहे आणि 20 ला संध्याकाळी त्याची मिरवणूक निघते. आम्ही उगाच गर्दी दिसली म्हणून घुसलो तर पुढे पाद्री, जुन्या पोशाखातली माणसं, आणि मधोमध ती पेटी. आमच्यातल्या एकाला वाटलं कुठलं तरी नाटक चाललंय, तो मोठ्याने हसला आणि शेजारच्या आजीबाईंनी असा काही डोळा वटारला की बिचारा पुढचा तासभर गप्प.

आता मुख्य भानगड. शहर नदीच्या दोन बाजूंना आहे, एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट, 1873 पर्यंत ती वेगळी गावंच होती. आतषबाजी डॅन्यूबवरच होते, पूल आणि तराफ्यांवरून, रात्री 9 ला. आमच्यातले दोघं म्हणाले आम्ही बुडाच्या बाजूने बघतो, पार्लमेंट समोर दिसतं, आम्ही दोघं पेस्टलाच लांगोश खात बसलेलो, म्हटलं येतोच मागून. तोवर पोलिसांनी पूल बंद केले. नेटवर्क झोपलेलं, मेसेजवर एकच टिक. आणि हॉस्टेलच्या दाराचा कोड आणि बेड नंबर फक्त पलीकडच्या पठ्ठ्याच्या फोनमध्ये! म्हणजे दोघं ऐलतीरी, दोघं पैलतीरी, मधे दणादण बार उडतायत आणि आम्ही पार्लमेंटकडे बघायचं सोडून पलीकडच्या काठावर आपला लाल टीशर्ट दिसतो का ते शोधतोय. संपल्यावर जी गर्दी सुटली ती म्हणजे विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रोड, फक्त ढोल नाहीत. नदीखालून जाणारी मेट्रो चालू होती पण मेट्रो स्टेशनच्या तोंडाशी पोलिस अडवून अडवून थोडी थोडी माणसं सोडत होते. शेवटी मध्यरात्रीनंतर हॉस्टेलच्या पायरीवर सगळे भेटलो, ते दोघं आमच्या आधी पोचून आम्हालाच शिव्या देत बसलेले.

तर तुम्ही दुपारीच ठरवा कुठला काठ, आणि चौघंही त्याच काठावर. बुडाला बात्यानी तेर नावाचं स्टेशन आहे M2 लाईनवर, तिथून पार्लमेंट बरोब्बर समोर, पण सहालाच जाऊन बूड टेकवा. कोड चौघांनी कागदावर लिहून खिशात ठेवा, हसू नका.

ग्राझची_सून:
वरच्या दादांचं सगळं खरं आहे, फक्त हवामान राहिलं. 2006 मध्ये ऐन आतषबाजीत वादळ आलं आणि माणसं दगावली, तेव्हापासून तिथे हा विषय नाजूक आहे. 2022 मध्ये वादळाच्या अंदाजामुळे कार्यक्रम एक आठवडा पुढे ढकलला, वादळ शहरावर आलंच नाही आणि सरकारने हवामान खात्याच्या दोन वरिष्ठांना चक्क काढून टाकलं. म्हणून त्या दिवशी सकाळी बातम्या बघा, आणि आभाळ भरून आलं तर काठावर अडकून बसू नका.

खाण्याचं सांगते, मी स्वतः व्हेज. सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा व्हिएन्नातूनच ब्रेड, चीज, फळं घेऊन गाडीत बसा. लहान दुकानं, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर असतो, ती थोडीफार उघडी मिळतात. लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरीच, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज, एक खाल्लं की जेवण झालं. रांतोत शायत म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चीज, ते जवळपास सगळीकडे मिळतं. फोझेलेक ही आपल्या दाटसर पातळभाजीसारखी असते पण वर सॉसेज ठेवून देतात, आधीच नको म्हणून सांगायचं. गुलाश व्हेज नसतो, भाजीचं सूप आहे असं कोणी म्हटलं तरी विश्वास ठेवू नका.

बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो बरेचदा, तो बघितल्याशिवाय वर टिप ठेवू नका.

चिल्लर_खुर्दा:
दोन गोष्टी पैशाच्या. तिथे युरो नाही, फोरिंट. कार्ड मशीन किंवा एटीएम विचारतं युरोत करू का, रुपयात करू का, कायम फोरिंटच दाबा, नाहीतर त्यांच्या मनाचा रेट लावतात. एटीएम पण बँकेच्या भिंतीतलंच वापरा, फुटपाथवर रंगीबेरंगी उभी असतात ती नकोत.

मेट्रोचं सुटं तिकीट असेल तर खाली उतरण्याआधी मशीनमध्ये पंच करायचंच, दंडावर पट्टा बांधलेले चेकर दारातच उभे असतात आणि टुरिस्ट आहोत वगैरे काही ऐकत नाहीत. आमच्या गँगमधल्या एकाने तिकीट घेतलेलं, पंच केलं नव्हतं, दंड भरला. त्यापेक्षा 24 किंवा 72 तासांचा पास घ्या, पंचची कटकटच नाही.

आणि भावा, मेन टुरिस्ट रस्त्यावर दोन मुली येऊन गोड बोलून "चला एक बार माहितीये" म्हणाल्या तर हात जोडून पुढे चला. बिल बघून म्युनिकवाल्याची स्कॉलरशिप संपेल.

डबा_ऐसपैस:
बापरे, एवढं सगळं!! धन्यवाद सगळ्यांना. ठरलं, बुडाचा काठ, चौघंही. म्युनिकवाला "मी जरा फोटो काढून येतो" टाईप आहे, त्याला दोरी बांधावी लागेल. अजून एक, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या कुंडात जायचंय, सेचेनी की गेलेर्त? आणि चेक-आऊटनंतर सॅक कुठे ठेवायच्या?

ग्राझची_सून:
गेलेर्त दुरुस्तीसाठी बंद केलंय. सेचेनीला जा, 1913 ची पिवळी इमारत, बाहेरचे तलाव उघड्यावर आहेत. जाताना M1 ने जा, 1896 ची मेट्रो आहे, डबे अगदी छोटे. टॉवेल आणि सपाता आपल्याच न्या, तिथे महाग पडतात, आणि मधल्या पोहायच्या तलावात टोपी लागते. सॅक केलेती स्टेशनवर लॉकरमध्ये, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळे तेच करतात, तेव्हा आधी हॉस्टेलवाल्यांना विचार, बहुतेक ठेवून घेतात.