रणातून न परतलेल्यांसाठी शब्द : बेपत्ता, कामी आलेले की हुतात्मा?

विचारणा

गावातल्या माजी सैनिकांनी चौकातला जुना स्मृतिफलक नव्याने करायला घेतला आहे. मजकूर तपासायचे काम माझ्याकडे आले. वर 'हुतात्मा जवान' असा मथळा आणि खाली नावे. त्यांतले एक नाव १९७१ च्या युद्धातले. ते परतले नाहीत, देह मिळाला नाही, सुटून आलेल्या कैद्यांतही ते नव्हते. घरच्यांनी त्यांचे श्राद्ध कधी घातलेले नाही. त्यांचे थोरले बंधू म्हणतात, "त्या मथळ्याखाली नाव घालू नका, पण गाळूही नका." सैन्याच्या कागदात 'मिसिंग इन ॲक्शन' आहे. एका मराठी पत्रात 'हरवलेले' असे आले होते आणि ते वाचून घरातले सगळे दुखावले. काय लिहावे?

प्रतिसाद

'बेपत्ता' लिहा. 'हरवलेले' का खटकले ते उघड आहे. जत्रेत मूल हरवते, वाट हरवते. त्यात चुकण्याची छटा येते. 'गहाळ' तर दप्तरातल्या कागदाचा शब्द. 'बेपत्ता'त माणसाकडे काहीच दोष जात नाही. इथला पत्ता म्हणजे पाकिटावर लिहितो तो नव्हे. 'पत्ता लागला', 'पत्ता काढला' म्हणतो त्यातला, म्हणजे माग. तो माग आपल्याकडे नाही, एवढेच हा शब्द सांगतो. जिवंत की मृत यावर तो निकाल देत नाही, आणि म्हणूनच तो इथे हवा.

'लापता' नको. अर्थ तोच, पण तो हिंदीतून बातम्यांमार्फत आलेला आहे आणि गावच्या दगडावर उपरा वाटेल.

एका शब्दापासून मात्र फार जपावे लागते, तो म्हणजे 'फरार'. १९९९ मध्ये कारगिलच्या काळात सीमेवरून नाहीसे झालेले मोहम्मद आरिफ आणि जगसीर सिंग या दोन जवानांना सैन्याने फरार ठरवले होते. ते पाकिस्तानच्या कैदेत निघाले आणि २००४ मध्ये परत आले. मधल्या काळात घरच्यांनी तो शिक्का अंगावर वागवला. आरिफ यांच्या पत्नीचे तर दुसरे लग्न झाले होते. बेपत्ता आणि फरार यांत फक्त हेतूचा फरक असतो, आणि जो माणूस समोरच नाही त्याचा हेतू कोणी ठरवायचा?

प्रतिसाद

जुन्या मराठीत रणात मेलेल्यासाठी शब्दांचा तोटा नाही: कामी आले, पडले, ठार झाले, धारातीर्थी पडले. न सापडलेल्यासाठी मात्र असा ठरीव शब्द मला बखरींच्या भाषेत आठवत नाही. 'ठिकाण लागले नाही' अशी वाक्येच येतात.

आणि गरज तर केवढी होती! १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले, त्यानंतर आपल्या माणसांपैकी कोणाला ते दिसले नाहीत. देह मिळून दहन झाल्याचे वर्तमान आले, पण पुण्यात अनेकांचा विश्वास बसला नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. भाऊसाहेब म्हणवणारा माणूस उभा राहिला, त्याला कोकणात लोक मिळाले, मोठे बंड झाले आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. 'तोतया' म्हटले की आजही मराठी माणसाला आधी तोच आठवतो. माणूस बेपत्ता राहिला की मागे काय काय होऊ शकते, ते या एका शब्दात आहे. लोक भोळे होते म्हणून फसले असे मला वाटत नाही. त्यांना भाऊ परत हवे होते.

प्रतिसाद

संस्कृतात बघा. पराशरस्मृतीतला 'नष्टे मृते प्रव्रजिते' हा श्लोक एकोणिसाव्या शतकातल्या पुनर्विवाहाच्या वादामुळे सर्वांच्या कानांवरून गेला. त्यात 'नष्ट' आणि 'मृत' ही दोन वेगळी संकटे मोजली आहेत. तिथे नष्ट म्हणजे दिसेनासा झालेला. मराठीत आपण नष्टचा अर्थ 'उद्ध्वस्त' असा करून टाकला, त्यामुळे तो आज वापरता येणार नाही. पण मेलेला आणि न सापडलेला एक नव्हेत, हे भान त्या भाषेत पक्के होते.

विधींतही तेच. ज्याची बारा वर्षे काही वार्ता नाही त्याची पळसाची प्रतिकृती करून दहन करायचे, तो पालाशविधी. आणि तो जिवंत परत आलाच तर जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा. परतीची वाट शास्त्रानेही उघडी ठेवली होती. आजचा कायदा सात वर्षे माणसाची काही खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरतो. पेन्शन, जमीन, वारसा यांसाठी ते लागतेच. पण कायद्याने गृहीत धरले म्हणजे घराने मानले असे होत नाही. फलकावर घराचे चालावे.

प्रतिसाद

शब्दापेक्षा उपाधी जास्त छळते, यावर कोणी बोलले नाही. लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावामागे 'श्री.' की 'कै.'? आईला 'सौ.' की 'गं. भा.'? आपल्या पत्रिकेत तिसरा पर्यायच नाही. अशा घरांत दर मंगलकार्याला हा प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि छापखानेवाला निष्पापपणे विचारतो, "कै. लिहू ना?"

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात शोरकोटवर पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' असे नाव तिकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आले होते. कैद्यांची अदलाबदल झाली, ९३ हजारांच्या आसपास पाकिस्तानी कैदी आपण सोडले, तांबे आले नाहीत. ५४ बेपत्तांच्या यादीत त्यांचे नाव आहे. दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढची कित्येक दशके त्या मंत्रालयांचे उंबरे झिजवत राहिल्या. अशा स्त्रीला 'वीरपत्नी' म्हणणे गौरवाचे खरेच, पण त्या शब्दात नवरा गेल्याचे धरलेले असते. मी तरी सरळ 'विजय तांबे यांच्या पत्नी' लिहीन. आणि 'ते उत्तम वैमानिक होते' असे लिहिताना त्या 'होते'पाशी दोनदा थांबेन.

प्रतिसाद

एक भेद नोंदवतो. देह न मिळणे म्हणजे बेपत्ता असणे नव्हे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाज बुडताना वाचलेल्यांनी पाहिले होते. तिथे 'जलसमाधी' हा शब्द बरोबर आहे, बेपत्ता नाही. मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे, तेही समुद्राखेरीज कबर नसलेल्यांचेच. तुमच्या फलकावर कोणी नौदलातले असतील तर दोन्ही गट एका ओळीत आणू नका.

मूळ विचारणा करणारा

सर्वांचे आभार. 'हुतात्मा जवान'च्या खाली थोडी जागा सोडून 'रणात बेपत्ता' असा वेगळा मथळा करतो आहोत, हुद्दा आणि पलटण पूर्ण. नावामागे कुठलीच उपाधी नाही. थोरल्या बंधूंना वाचून दाखवले, त्यांनी मान्य केले. आता व्याकरणाचा प्रश्न: नावे पुढे वाढली तर 'बेपत्ते' की 'बेपत्ता'? आणि 'बेपत्ता झालेल्यांची' की 'बेपत्त्यांची' नावे?

प्रतिसाद

विशेषण म्हणून तो बदलत नाही: बेपत्ता जवान, बेपत्ता नौका, बेपत्ता जवानांची नावे. 'बेपत्ते' नाही. 'बेपत्त्यांची' बोलताना ऐकू येते, पण दगडावर 'बेपत्ता जवानांची' असे पूर्ण लिहा. 'झालेल्यांची' गाळले तरी चालेल. आणि तारीख देताना 'मृत्यू' किंवा 'वीरगती' असा रकाना ठेवू नका. 'शेवटची खबर' असा ठेवा आणि त्यात महिना आणि आघाडी लिहा.