शब्दचर्चा: पायली, नवटाक, शीग आणि किलो

दादरचे बिबडे (अमळनेर): सासूबाईंच्या वहीत बिबड्यांचं प्रमाण असं लिहिलंय: 'दादर १ पायली शीग लावून, तीळ १ चिपटं, मीठ नवटाक.' (दादर म्हणजे आमच्या खानदेशातली ज्वारी, बिबडे म्हणजे तिचे पापड.) मुलीला पुण्यात वजनकाट्यावर मोजून करायचेत. पायलीचे किलो किती? नवटाक म्हणजे १२५ ग्रॅमच ना?

जुना तराजू (धुळे): ताई, एका ओळीत दोन घराणी आलीत. पायली, मापटं, चिपटं ही मापाची. नवटाक, छटाक वजनाची. शेर दोन्हीकडे आहे, घोळ तिथूनच सुरू होतो. मापात ४ चिपट्यांचा शेर, ४ शेरांची पायली. वजनात ८० तोळ्यांचा सरकारी शेर सुमारे ९३३ ग्रॅम, नवटाक त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे ११७ च्या आसपास. १९५८ पासून दशमान वजनं येऊ लागली, तसे लोकांनी पावशेर २५० वर आणि नवटाक १२५ वर नेऊन बसवले. वही कधीची ते बघा. तेवढ्या मिठाने बिबडे बिघडायचे नाहीत म्हणा. (नवटाक हल्ली वेगळ्याच दुकानात मागतात, ते सोडा.)

दादरचे बिबडे: आणि पायली?

बट्टीवाला (चोपडा): पायलीचे किलो कोणी छातीठोक सांगितले तर ऐकू नका, ती मुलखागणिक लहानमोठी. घरात जुना पितळी शेर असेल तर काठोकाठ पाणी भरा आणि नुसत्या पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. त्याच मापात ज्वारी पाण्याच्या साधारण पाऊणपट भरते, तीळ त्याहून हलके. चारने गुणलं की पायली.

पिठाला मात्र हा हिशोब लावू नका. लिटरभर गहू पाऊण किलोच्या थोडा वर जातो. तेच माप गव्हाच्या पिठाने सैल भरलं तर अर्ध्या किलोच्या आसपास, आणि दाबून भरलं तर पुन्हा वेगळं. आमच्याकडे कळण्याच्या भाकरीचं दादर-उडीद गिरणीत जायच्या आधीच मापतात, ते याचसाठी. दळल्यावर वजन जवळपास तेच राहतं, पण फुगलेलं पीठ मापात कुठे बसतंय?

मिरचीची भाजी (शहादा): शीग विसरलात सगळे! माप भरून काठाच्या वर धान्याचा जो ढीग उभा राहतो ती शीग. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' म्हणतो, ती हीच. रुंद तोंडाच्या मापावर ती जास्त चढते, अरुंदवर कमी. पाण्याला शीग नसते, त्यामुळे भाऊंच्या हिशोबात सपाट मापच मिळेल. वहीत 'शीग लावून' असेल तर ज्वारीच शिगेसकट भरा आणि सरळ काट्यावर ओता.

दादरचे बिबडे: शेर माळ्यावर सापडला, पण बूड चेपलंय. चालेल?

जुना तराजू: मोजायला चालेल. पण वहीतलं प्रमाण बूड चेपायच्या आधीचं की नंतरचं, ते सासूबाईंनाच विचारा.